मधमाश्यांचं नाक

माझ्या वडिलांना वास येत नाही. फुलाचा नाही, सुक्या बोंबलाचा नाही, करपलेल्या दुधाचाही नाही. मागल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत एक ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. नाकाबरोबर जिभेची चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट बघा. आम्ही वाट बघितली. वास आला नाही, आजही आलेला नाही. आणि तरीही ही जिंकल्याची गोष्ट आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोकांना टांगून ठेवणं मला आवडत नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर फळ्यावर आधी लिहायचं आणि ते कसं आलं ते मग शिकवायचं, अशी माझी पद्धत होती.

आमची वाडी सांडोर गावात. लग्न होऊन मी विरारला, फुलपाड्यात राहायला गेले त्याला तीस वर्षं होऊन गेली, मुलं तिथंच मोठी झाली, पण ‘आपलं घर’ म्हटलं की डोळ्यांपुढं अजून सांडोरच येतं. घरामागं केळी, केळींमागं बावखल, म्हणजे आमचं गोड्या पाण्याचं तळं, त्याच्या काठाला अळू, आणि कुंपणापलीकडं शेजारणीचे भाजीचे वाफे. वाडीत आता पप्पा आणि आई दोघंच राहतात. पप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आई अठ्ठ्याहत्तरची. दोघंही नाकावर माशी बसू देत नाहीत. मी त्यांचीच मुलगी आहे, तेव्हा माझ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पप्पा राजेळी केळी लावतात आणि त्यांची सुकेळी करतात. त्यांचे वडील करत, त्यांचे आजोबा करत. ज्यांनी सुकेळी खाल्ली नाहीत त्यांची मला कीव येते, पण सांगते. पिकलेलं राजेळी केळं हातानं सोलायचं, बोरूच्या काड्यांच्या मांडवावर उन्हात मांडायचं. संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत दडपायचं, सकाळी पुन्हा मांडवावर, आणि दिवसातून एकदा उलटायचं. असं आठवडाभर केलं की ते बोटाएवढं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं. मग वाळक्या पानात गुंडाळून दोरीनं पुडा बांधला की महिनोन्महिने टिकतं. ऐकायला एवढंच. खरी गोम आहे ती केळं नेमकं कधी उचलायचं यात. एक दिवस आधी उचललं तर आत ओल राहते आणि सगळा पुडा आंबतो. एक दिवस उशीर केला तर ते खाताना चामडं चावल्यासारखं लागतं.

ती वेळ पप्पा नाकानं ओळखत. हात मागं बांधून मांडवाच्या कडेनं चालत जायचे, वाकायचेसुद्धा नाहीत, आणि मध्येच थांबून म्हणायचे, “ही रांग उचला.” उचललेली रांग कधी चुकली नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे असतात. मग शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी गेले तेव्हा कळलं की काही जणींच्या वडिलांना दूध नासलेलंही कळत नाही.

तर ते नाक गेलं. आणि त्याच्या मागोमाग आमच्या घरातून आणखी एक गोष्ट गेली. आमच्याकडं जेवायला बसताना घरच्या मोठ्या माणसानं प्रार्थना म्हणायची पद्धत आहे. लांबलचक काही नसते, देवबापाचे आभार, अन्न पिकवणाऱ्याचे, रांधणाऱ्याचे, बस. मी जन्मल्यापासून ती पप्पांच्या तोंडून ऐकली. ताप गेल्यावर पहिल्यांदा ते सगळ्यांबरोबर टेबलाशी बसले तेव्हा आईनं कोळंबीचं कालवण केलं होतं. आम्ही हात जोडून थांबलो. पप्पा ताटाकडं बघत बसले. मग आईला म्हणाले, “तू म्हण.”

“आनी तुम्ही?”

“मना यात काय मिळणार हाय? ना वास, ना चव. आभार मानले तर ते खोटं होईल. मानसांशी बोललो असेन खोटं, देवाशी नाय बोलणार.”

आईनं भरभर प्रार्थना उरकली, जशी बस सुटत असताना तिकीट काढतात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पप्पा रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचे, पण मुकाट. गाणं नाही, उत्तरं नाहीत. त्या वर्षी नाताळ आला तरी आमच्या मांडवावर एकही केळं चढलं नव्हतं. केळ्यांचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, पिकले की पप्पा म्हणायचे, “ने, वाटून टाक.” दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसायचे. वाडीकडं त्यांची पाठ असायची. मला सगळ्यात जास्त टोचायची ती पाठ.

आता मला कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, ब्याऐंशीव्या वर्षी नाक गेलं तर गेलं. मी पण स्वतःला हेच सांगून बघितलं. पण माझे वडील माझ्यासमोर संपत चालले होते आणि त्यांचं नाक त्याला निमित्त झालं होतं. जो माणूस देवाशी खोटं बोलायला तयार नाही, त्याच्या तोंडून खरे आभार पुन्हा निघावेत, मला तेवढंच हवं होतं. दुसरं काही मी त्या वर्षी मागितलं नाही.

नोव्हेंबरात मी निवृत्त झाले. हाताशी वेळ आला आणि वेळ आला की मला अक्कल सुचते. मी ठरवलं, सुकेळी मी करणार. पप्पांना न सांगता करणार, डबा भरून त्यांच्यासमोर ठेवणार, ते खूश होणार, सगळं सुरळीत होणार. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला जे त्याच्या बापानं शिकवलं ते मला आपोआप येणार, कारण मी गणिताची बाई. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

जानेवारीत एक लोंगर मी स्कूटरला बांधून फुलपाड्याला आणला, पिकवला, सोलला, आणि केळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मांडली. मांडव कुठून आणणार? मोठी प्लास्टिकची चादर अंथरली, तिच्यावर केळी, वर मच्छरदाणीचा तुकडा. शेजारीच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. काकू साताऱ्याकडच्या, सरळ बोलणाऱ्या.

“टीचर, अहो केळी वाळवताय? वेफर करताय का?”

“सुकेळी,” मी म्हटलं.

“पण खालून वारं लागाया नको का त्यास्नी? आमच्या कुरडया बघा, खाटंवर आहेत.”

मी हसून विषय बदलला. कुरडया करणारी बाई मला सुकेळी शिकवणार! आज लिहिताना कान लाल होतात. खालून सिमेंट तापलं, वरून ऊन, आणि चार दिवसांत केळी अशी तांबूस, अशी तुकतुकीत दिसायला लागली की मी स्वतःची पाठ थोपटली. पानांत बांधायचा कंटाळा केला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवली. पप्पांना देऊ म्हणून रविवारची वाट बघितली.

रविवारी जेवण झाल्यावर डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. वास माझ्या नाकात शिरला आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. आंबलेला, दारूसारखा वास. पण तोवर पप्पांचा हात डब्यात गेला होता. सुकेळी बघून त्यांचा चेहरा किती महिन्यांनी उजळला होता, आणि मी डबा मागं ओढला नाही. त्यांनी एक उचललं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

“जमलं गो बाय तुना,” ते म्हणाले.

आईनं नाकाला पदर लावला होता. पप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते थुंकले नाहीत. तोंडातला घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बघितलंस? सडकं काय नी चांगलं काय, मना एकच. आनी तुम्ही म्हणता प्रार्थना म्हण.” मग उठून ओट्यावर गेले आणि खुर्चीत बसले.

मी डबा घेऊन मागं गेले आणि सगळी केळी बावखलात भिरकावली. मग तिथंच काठावर उभी राहून देवाशी भांडले. मी देवाशी मनात भांडत नाही, मोठ्यानं भांडते, शाळेतल्या पोरांवर ओरडायचे त्याच आवाजात. म्हटलं, तुला घ्यायचंच होतं तर माझं नाक घ्यायचं होतंस, मी काय करते त्याचं? ज्या एका माणसानं आयुष्यभर त्या नाकाचे तुझ्याकडं आभार मानले, त्याचंच नेमकं? खंड्या उडून पलीकडच्या माडावर जाऊन बसला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दुःखाचं कमी, रागाचं जास्त होतं.

आई मागं येऊन उभी होती, मला कळलंच नाही.

“झालं भांडून?” ती म्हणाली.

“झालं.”

“त्याला ओरडून काय व्हनार? कामाला लाग. मांडव त्या भिंतीमागं हाय. बोरू किडलाय, नवा बांधावा लागंल.”

आईनं आयुष्यात माझी समजूत अशीच घातली आहे. मला कुरवाळलेलं आठवत नाही, पण हातात काम दिलेलं प्रत्येक वेळी आठवतं. दोन दिवसांत आम्ही दोघींनी मांडव बांधला, घराच्या मागच्या भिंतीलगत, कमरेएवढ्या उंचीवर, खालून वारा खेळेल असा. पप्पा ओट्यावर होते. विचारलंसुद्धा नाही की काय ठोकाठोक चालली आहे. फेब्रुवारीत पुढचा लोंगर पिकला तेव्हा आम्ही केळी सोलली आणि मांडवावर सहा रांगा मांडून वर जाळी टाकली.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी फुलपाड्याहून स्कूटरनं यायची आणि संध्याकाळी केळी दडपून परत जायची. नवरा म्हणाला, शाळेत असताना तू घरी जास्त दिसायचीस. मी एक वही केली होती. पहिला दिवस, दुसरा दिवस, कधी मांडली, कधी उलटली, सगळं तारीखवार. सात दिवस झाले की उचलायची, हा माझा नियम. पप्पांचं नाक नाही तर नाही, गणित आहे ना.

पण खरं सांगते, वहीपेक्षा त्या मांडवापाशी बसण्याचीच मला सवय लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी केळी उलटत होते. पाणी आटून ती चपटी व्हायला लागली होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की सुकेळीत आपण काहीच घालत नाही. साखर नाही, मीठ नाही, तेल नाही. गोडी आधीच आत असते. ऊन येतं आणि फक्त जास्तीचं पाणी घेऊन जातं. वय होतं तसं आपल्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते, हे मला कळत होतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी मीही घंटा न वाजलेल्या सकाळी घरात वेड्यासारखी फिरले होते. पण काढून घेतल्यानं एखादी गोष्ट गोड होते, असं कोणी मला शिकवलं नव्हतं. मी तिथल्या तिथं देवाला म्हटलं, बरं, हे मान्य. बाकीचं भांडण अजून बाकी आहे.

बाकीचं भांडण साधं नव्हतं. मी कोणाला सांगितलेलं नाही, पण गेली कितीतरी वर्षं मिस्सात बसून मला काही वाटत नव्हतं. गुडघे टेकायचे, उठायचं, उत्तरं द्यायची, कम्युनियनची भाकर घ्यायची आणि रांगेतून परत येताना मनात असायचं की मेथी निवडायची राहिली. पप्पांनी निदान प्रार्थना सोडली होती. मी ती म्हणत राहिले होते, आणि त्यात काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांचं ते ‘खोटं बोलणार नाय’ मला इतकं झोंबलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी वहीत लिहीत होते. मागून आवाज आला.

“टीचर, वही बघतेस का मांडव?”

पप्पा घराच्या कोपऱ्याशी उभे होते. ओट्यावरची खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आणली होती, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ते मांडवाकडं बघत होते. मला आनंद झाला, पण त्यांचा सूर असा होता की आनंद दाखवायची सोय नव्हती.

“मांडवच बघते आहे,” मी म्हटलं.

“मग माश्या कुठं बसल्यात सांग.”

मी बघितलं. वरच्या जाळीवर मधमाश्या होत्या. बारीक, सोनेरी, पाच-पंचवीस तरी.

“मधमाश्या आहेत.”

“तेच तर. कालपावतो साध्या माश्या होत्या. मी ओट्यावरून यायचो जायचो, बघत होतो. मधमाशी नव्हती. आज आली. आनी कुठं आली बघ. भिंतीकडच्या तीन रांगा. अलीकडं हाय का एक तरी?”

खरंच नव्हती. भिंतीलगतच्या तीन रांगांवर सगळ्या मधमाश्या आणि अलीकडच्या तीन रांगा मोकळ्या. भिंत तापते, तिची झळ त्या रांगांना जास्त लागली होती. पाच दिवस मी तिथं बसले होते आणि मला हे दिसलं नव्हतं. पाठ करून बसलेल्या माणसाला दिसलं होतं. म्हणजे पाठ तेवढी वाडीकडं होती, मन नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

पप्पा पुढं आले. हात मागं बांधले. मांडवाच्या कडेनं सावकाश चालत गेले, वाकले नाहीत. टोकाला थांबले.

“भिंतीकडच्या तीन उचला. बाकीच्या परवा.”

“पप्पा, आज पाचवाच दिवस आहे,” मी म्हटलं, आणि हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. “सात दिवस पाहिजेत.”

“केळ्याला तुझी वही वाचता येत नाय बाय.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिच्या हाताला पीठ होतं. पप्पा तिला म्हणाले, “तू ये. तुझं नाक चालतंय. मी सांगतो ते बरोबर का चूक ते सांग. उगीच मन राखाया नको.”

मन राखणं आईला येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? साठ वर्षांच्या संसारात तिनं त्यांची एकदाही स्तुती केलेली आम्ही ऐकली नाही. ती जाळी उचलून वाकली. पहिल्या रांगेचं एक केळं नाकाशी नेलं. मग दुसऱ्या रांगेचं. मग तिसऱ्या. मग अलीकडच्या तिन्ही रांगा. पप्पा बघत होते. निकालाच्या दिवशी पोरं माझ्या टेबलाशी उभी राहायची तसे ते उभे होते, एक पाय थोडा पुढं, ओठ घट्ट मिटलेले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. मला त्यांच्याकडं बघवेना, आणि नजर काढवेना.

आईनं अलीकडच्या रांगेतलं केळं परत ठेवलं.

“ह्यांना अजून कच्चा वास हाय,” ती म्हणाली. मग भिंतीकडं बोट दाखवलं. “त्या झाल्यात. आज नाय उचलल्या तर उद्या जातील.”

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. वाडीतली पाखरं उडाली एवढं आठवतं. पप्पा ओरडले नाहीत. ते खुर्चीत बसले, मांडवाकडं तोंड करून, आणि बराच वेळ मधमाश्यांकडं बघत राहिले. मग जे बोलले ते कोणाला उद्देशून नव्हतं.

“मना वाटलं वासच गेला. जगातनं. सकाळी उठावं नी काय नाय, मेल्यावानी. पन वास हितंच हाय. जसाच्या तसा हाय. मना येत नाय एवढंच. त्यांना येतोय.”

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मिस्सातल्या त्या कोरड्या वर्षांबद्दल मी ज्या देवाला कधी विचारलं नव्हतं, त्यानं माझ्या वडिलांच्या तोंडून उत्तर दिलं होतं. मला वाटत नाही म्हणजे तिथं काही नाही, हे मी कुठल्या गणितानं ठरवलं होतं? मिस्सात माझ्या शेजारच्या बाकावरची म्हातारी डोळे मिटून रडायची ना? तिला येत होता की वास. मी रडले, या वेळी रागानं नाही. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडतेस काय, उचल ती केळी.”

त्यानंतर आमचं राज्य गेलं आणि पप्पांचं आलं. तीन रांगा उचलल्या. बाकीच्या तिन्हींवर दुसऱ्या दिवशी एक-दोनच मधमाश्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दहालाच जाळी मधमाश्यांनी भरली आणि पप्पांनी पुन्हा हुकूम सोडला. वाळकी पानं मी आणली तर ती पसंत पडली नाहीत, स्वतः वाडीत जाऊन निवडून आणली. पुडा कसा बांधायचा ते दाखवताना मला तीनदा सोडायला लावला. म्हणाले, “शाळेत पोरांच्या वह्या अशाच तपासायचीस काय?” मी म्हटलं, शाळेत मी याहून वाईट होते. ते हसले. त्यांचं हसणं मी गणपतीनंतर ऐकलंच नव्हतं.

फुलपाड्याला परतल्यावर मी तिसऱ्या मजल्यावर गेले आणि काकूंना सांगितलं की खालून वारं लागायला पाहिजे हे तुमचं बरोबर होतं. काकूंनी मला खाटेवरच्या कुरडया दिल्या. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, माझ्याच मनात होतं.

पुडे तीन आठवडे मुरू दिले. आंबायचे असते तर तेवढ्यात आंबले असते. मार्चातल्या एका रविवारी, मिस्साहून आल्यावर, आईनं जेवणाआधीच एक पुडा काढून टेबलावर ठेवला. पप्पांनी दोरी सोडली. पानं उलगडली. मी श्वास रोखून धरला होता, अक्षरशः, कारण मला धीर नव्हता. मग श्वास सोडला, आणि लहानपणचं सगळं घर एकदम नाकात आलं: ऊन, केळी, वाळकं पान, पप्पांचे शर्ट. त्या वासाबद्दल मी पप्पांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याला येत नाही त्याच्यापुढं काय सांगणार, असं वाटलं.

“सांग ना,” पप्पा म्हणाले. “काय येतोय ते सांग. मना ऐकायचंय.”

मग मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, जसं एखादं ओळखीचं गाणं दुसऱ्यानं म्हणावं आणि आपण चूक काढायला टपून बसावं. एके ठिकाणी म्हणाले, “नाय, तो उन्हाचा नाय, पिकल्या सालीचा वास राहतो तो.” मी पुन्हा हुंगलं. सालीचाच होता.

आईनं एक सुकेळं खाल्लं. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं सावकाश चावलं, गिळलं, पदरानं बोटं पुसली. आणि हात पुढं केला.

“अजून एक द्या,” ती पप्पांना म्हणाली.

साठ वर्षांत पहिल्यांदा. पप्पांनी सबंध पुडा तिच्याकडं सरकवला.

मग तिनं भात वाढला, वर माशांच्या भुजण्याचा रस्सा. आम्ही बसलो आणि हात जोडले. आई नेहमीसारखी सुरुवात करणार, म्हणून मी मान खाली घातली. पण आईनं सुरुवात केली नाही. ती ताटाकडं बघत गप्प बसली होती. मला वाटलं विसरली. मी तिला कोपर मारणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की ती विसरलेली नाही. ती थांबली आहे. मीही थांबले. बाहेर केळीची पानं वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होती.

पप्पांनी खाकरून घसा साफ केला.

“देवबापा,” ते म्हणाले. “ह्या जेवनाबद्दल तुझे आभार. मना त्याचा वास येत नाय. चव येत नाय. पन वास हाय. चव हाय. हिला येते, पोरीला येते, माश्यांना येते. मना नाय आला म्हणून तू तो जगातनं काढून नाय घेतलास, त्याबद्दल तुझे आभार. हे खरं बोलतो. आमेन.”

‘आमेन’ मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की कुंपणापलीकडून शेजारीण घाबरून ओरडली, “काय झालं गो?”

आणि माझी आई, जिचा आवाज घराबाहेर गेलेला मला आठवत नाही, ती ताटावरून उठून खिडकीशी गेली आणि सगळ्या सांडोरला ऐकू जाईल असं ओरडली, “ह्यांनी प्रार्थना म्हटली! आमच्याकडं ह्यांनी प्रार्थना म्हटली!”